महाडला पायी

पोलादपूर ते महाड या रस्त्यावर मी कुठे कुठे ओकले आहे ते मला आजही ओळीने सांगता येईल. बाकीच्यांना रस्ता मैलाच्या दगडांवरून कळतो, फाट्यांवरून कळतो, देवळांवरून कळतो. मला तो असा कळत असे. पार्ल्याच्या अलीकडचा आंबा, लोहाऱ्याच्या ओढ्यावरच्या मोरीचा कठडा, आणि राजेवाडीच्या आधीचं एक वळण, जिथे ड्रायव्हर आरशात माझ्याकडे बघून आपणहून गाडी हळू करायचा. आता तो आंबा नाही, कठडा नाही आणि वळणही नाही. रस्ता चौपदरी झाला तेव्हा सगळंच सरळ करून टाकलं. परवा भाच्याच्या गाडीतून महाडला जाताना मी काचेला नाक लावून बाहेर काहीतरी शोधत होते, तेव्हा त्याने विचारलं की मावशी, एवढं काय बघतेस. जुन्या ओळखी, असं सांगून मी विषय संपवला. त्याची गाडी नवी होती, सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. उगाच त्याच्या मनात भीती कशाला घालायची?

आमचं घर कशेडी घाट उतरून गाड्या पोलादपूरकडे येतात त्या उतारावर, हमरस्त्याला चिकटून होतं. आजोबांच्या काळी रस्ता लांब होता म्हणतात. दर डांबरीकरणाला तो एकेक पाऊल आमच्याकडे सरकत आला आणि माझ्या लहानपणी जवळजवळ पडवीत बसायलाच आला होता. भरलेला ट्रक घाट उतरू लागला की फळीवरची भांडी आधी कळवायची. आई बोलता बोलता थांबायची, ट्रक जाऊ द्यायची आणि राहिलेल्या शब्दापासून पुढे बोलायला लागायची. ही सवय तिला इतकी जडली होती की तिच्या माहेरी, जिथे बैलगाडीशिवाय काही जात नसे, तिथेही ती मध्येच थांबून राहायची आणि लोक तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. रत्नागिरीकडून येणारे माशांचे ट्रक तर वासावरूनच कळत. ते गेले की रस्त्यावर बर्फाच्या पाण्याची रेघ उमटायची आणि वाडीतली मांजरं तिच्या कडेकडेने मुंबईच्या दिशेने निघायची. घाट चढण्याआधी गाड्या इंजिनात पाणी घालायला आमच्या विहिरीपाशी थांबत. तेवढ्यात आई उन्हाळ्यात करवंदांचे द्रोण आणि पावसाळ्यात काकड्या घेऊन खिडक्यांखाली उभी राहायची. घरातलं जेवण म्हणजे नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि चुलीत भाजलेलं सुकट. सुकट आणि डिझेल मिळून आमच्या घराला जो वास आला होता तो अजून माझ्या नाकात आहे, आणि चमत्कारिक वाटेल, पण मला तो आवडायचा.

अशा घरात जन्मलेल्या मुलीला गाडी लागावी हे वाडीतल्या लोकांना पटतच नसे. डिझेलच्या वासात वाढलेली पोर, तिला गाडीची सवय नाही म्हणायची तरी कशी? त्यामुळे प्रत्येकाने आपापला इलाज करून पाहिला. लिंबू हुंगायचं, आमसूल चघळायचं, दाढेखाली लवंग धरायची, ओवा खायचा. कुणीतरी सांगितलं की पोटावर वर्तमानपत्र बांधावं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की बांधायचं नाही, त्यावर बसायचं. मी दोन्ही केलं, आणि एकदा महाडला मोठ्या मामांकडे साखरपुड्याला गेले तेव्हा माझ्या झग्याच्या मागच्या बाजूला सिनेमाची जाहिरात उलट्या अक्षरात छापून आली होती. मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने गोळी दिली. ती मात्र लागू पडली. उलटी झाली नाही, गाढ झोप लागली, आणि महाडला उतरायचं ते मी माणगावला जागी झाले. परतीच्या गाडीत गोळीचा अंमल संपलेला होता, तेव्हा राहिलेलं सगळं व्याजासकट वसूल झालं. त्या रस्त्यावरचे कंडक्टर मला नावाने ओळखत. तिकीट फाडण्याआधी ते विचारत, "कुंदा, पिशवी घेतलीस ना गो?" आणि सगळी गाडी वळून बघायची.

आता मी त्यावर हसते. तेव्हा मात्र ते हसण्यासारखं नव्हतं, कारण मी कबड्डी खेळायचे आणि बरी खेळायचे. बरी म्हणजे पोलादपुरात. आमच्या शाळेच्या मैदानावर चढाईला गेले की मला कुणी धरू शकत नसे. कुणी पाय पकडला तरी त्याला ओढत रेषेपर्यंत येण्याइतकं अंग माझं होतं. पण दुसऱ्या गावी खेळायला जायचं तर गाडीत बसावं लागायचं, आणि गाडीतून उतरलेली कुंदा ही वेगळीच मुलगी असायची. तोंड पांढरं, पाय लटपटत, दम धरायचा तर घशात आमसूल. महाडच्या मुलींना हे ठाऊक झालं होतं. मी रेषा ओलांडली की त्या एका सुरात ओकारीचा आवाज काढायच्या. पोलादपूरची वाघीण महाडला पोहोचेपर्यंत मांजर होते, असं आमचे मोरे सर म्हणत. मोरे सर गणित शिकवायचे आणि शाळेत दुसरं कुणी नव्हतं म्हणून खेळही घ्यायचे. आमची कप्तान मंगल मूळची कुडपणची, शिकायला पोलादपुरात आत्याकडे राहायची. तिच्या गावच्या रस्त्याला या आमच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त वळणं, पण ती त्या वळणांवर बसल्या बसल्या शेंगा खायची. देवाने ही विभागणी कशी केली ते मला कधी कळलं नाही.

माझी दहावी होती ते वर्ष. घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं की दहावी म्हणजे पुष्कळ झालं. आईच्या माहेरच्यांनी एक स्थळही सुचवलं होतं, मुलगा मुंबईत कापडाच्या दुकानात होता, स्वभावाने गरीब होता म्हणे. मी त्या मुलाचा विचार करण्याआधी मुंबईपर्यंतच्या रस्त्याचा विचार केला आणि मला तिथेच मळमळलं. त्याच सुमारास मोरे सर एका संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसले. महाडला तालुक्यातालुक्यांचे सामने होणार होते, अलिबागहून निवड करणारी माणसं येणार होती. ज्यांची निवड होईल त्यांना अलिबागला शिबिर, आणि चांगलं खेळलं तर पुढे कॉलेजात प्रवेश आणि राहायची सोय. सरांनी हे सगळं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोनदा समजावून सांगितलं, कारण मधे ट्रक जात होते. आई आतून म्हणाली की खेळून काय भाकरी मिळते. आबांनी अडकित्ता हातात घेतला. ते असेच होते, प्रश्न विचारला की सुपारी कातरायला घ्यायचे, आणि सुपारी कातरून होईपर्यंत विचारणारा प्रश्न विसरायचा.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना ते एकदम म्हणाले, "कुंदे, उद्या आपन चालत जाऊ."

आईला आधी वाटलं की ते शेतावर जायचं म्हणतायत. महाडला, असं कळल्यावर तिने हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली. पोरीला रस्त्याने चालवत नेणार, येणारं जाणारं जग बघणार, सोयरे काय म्हणतील, हे सगळं ती एका दमात बोलली, आणि नेमका एकही ट्रक मधे आला नाही. आबा म्हणाले, "तिला गाडी लागते. पायांना काय होत नाय." एवढंच. मी आबांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत वाडीतल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं. मलाही नाही.

आम्ही उजाडता उजाडता निघालो. आईने रागावूनही भाकऱ्या, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून दिली होती. माझ्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. ते मंगलचे, माझ्या पायाला एक बोटभर लहान. कबड्डी अनवाणी खेळतात हे मला चांगलं ठाऊक होतं. बूट फक्त महाडच्या मुलींना दाखवायला होते, आणि वाटेत कुणी भेटलंच तर त्यालाही. आबांनी घरातून निघतानाच विचारलं होतं की होतील ना गो पायाला. मी म्हटलं होतं, हो. पार्ल्याच्या आंब्यापाशी आलो तेव्हा टाचेला फोड आला होता आणि मी असं चालत होते की जणू रस्ता तापलेला तवा आहे. आबांनी बूट काढायला लावले, त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि जोडी स्वतःच्या गळ्यात अडकवली. धोतर, सदरा, डोक्याला टॉवेल आणि छातीवर पांढरे बूट. असे आबा मी आधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

तेवढ्यात पोलादपूरहून पहिली गाडी आली आणि आमच्यापाशी येऊन थांबली. कंडक्टर ओळखीचा होता. गाडी असताना चालत कशापायी, असं त्याने दारातूनच विचारलं. गाडी भरलेली होती आणि सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. मला वाटलं आबा आता खरं ते सांगतील आणि रस्ता दुभंगून मला पोटात घेईल. आबांनी टॉवेल नीट केला आणि म्हणाले, "नवस हाय. महाडच्या विरेश्वराचा."

आबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. कंडक्टरने टोपीला हात लावला, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग आबांच्या गळ्यातल्या बुटांकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळल्यासारखं त्याने हळूच घंटी मारली. गाडी पुढे गेली. आणि गाडी पुढे गेली म्हणजे बातमी पुढे गेली, हे आम्हा रस्त्यावर राहणाऱ्यांना तरी कळायला हवं होतं. प्रत्येक थांब्यावर त्या कंडक्टरने सांगितलं असणार की एक पोरगी बूट काढून विरेश्वराला पायी निघालीय. कारण पुढच्या वस्तीपाशी आलो तर एक बाई तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं आणि वाकून पायांना हात लावला. हात नेमका फोडावर लागला. मी ओरडून पाय मागे घेतला. ती शेजारणीला म्हणाली, किती विनयाची पोर आहे, पाया पडू देत नाही. चहाच्या टपरीवाल्याने बोलावून चहा दिला आणि मुलगा परीक्षेला बसलाय तेवढं देवाला सांगा म्हणून नारळ दिला. पुढे अजून एकाने दिला. मला हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. त्यात मागून शाळेची गाडी आली. मुली खिडक्यांतून ओरडत होत्या, मोरे सरांनी हात वर केला तो तसाच राहिला, आणि मंगलने माझ्या पायांकडे आणि आबांच्या गळ्याकडे बघून कपाळाला हात लावला. तिचे बूट होते ते.

लोहाऱ्याच्या थांब्यावर एक म्हातारी बसली होती. आमचीच वाट बघत होती. तिच्या हातातला नारळ लहान होता, हातात घेतला तर पाणी वाजत नव्हतं. तिने मला जवळ बसवलं. मुलगा मुंबईला गेलेला, गणपतीला आला नाही, दिवाळीला आला नाही, चिठ्ठी नाही, गावचे कुणी भेटले तर सांगतात की दिसला नाही. हे सगळं तिने न रडता सांगितलं, शेतातलं काहीतरी सांगावं तसं. मग ती म्हणाली, "मी लय सांगितला देवाला. पन तू पायी चाललीस. तुजा ऐकंल." आणि मुलाचं नाव दोनदा सांगून माझ्याकडून म्हणून घेतलं.

पुढे गेल्यावर मी आबांना म्हटलं की हे बरं नाही, परत जाऊन खरं सांगू या. आबा चालत राहिले. मोरी आली, तो माझा कठडा आला, आज मी तिथून सरळ मान करून जात होते आणि त्याचा आनंदही होत नव्हता. मग आबा म्हणाले, "आता खरा सांगितला तर आपली लाज जाईल, ते जाऊ दे. पन तिच्या नारळाचा काय?" मी कबड्डीचा विचार करायचा प्रयत्न केला. भाकरी आम्ही राजेवाडीच्या अलीकडे एका करंजाच्या सावलीत खाल्ली, आणि तिथे मी बसले ती उठताना माझ्या पोटऱ्यांनी पहिल्यांदा तक्रार केली. रोज शाळेत चालत जाणारी मुलगी मी, चालण्याचं मला काय, अशी माझी समजूत होती. महाडपर्यंतचा रस्ता शाळेच्या रस्त्यासारखाच असतो, फक्त लांब असतो, एवढा साधा हिशेब मी केला होता. गणितात मला मोरे सर काठावर पास करीत, ते उगाच नाही.

सावित्रीच्या जुन्या दगडी पुलावर वारा होता, तेवढा एक पूल सोडला तर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. तो पूल आता नाही. आम्ही महाडात शिरलो तेव्हा दुपार झाली होती आणि चवदार तळ्याच्या बाजूने मैदानातली शिट्टी ऐकू येत होती. सामने सुरू झाले होते. आबा थांबले. त्यांच्या टॉवेलाच्या गाठोड्यात नारळ होते. ते म्हणाले, "तू मैदानावर जा. मी हे देऊन येतो." मी म्हटलं, सामना झाल्यावर दोघं जाऊ, देव काय कुठे जातोय. आबांनी गळ्यातले बूट काढून माझ्या हातात दिले आणि वळले. मी लंगडत मैदानाकडे पळाले.

सामन्याबद्दल मी पुढे शिक्षिका झाल्यावर माझ्या विद्यार्थिनींना बरंच काही सांगत आले, आणि ते सगळंच खरं नव्हतं. इथे खरं लिहिते. माझ्या पहिल्या चढाईला महाडच्या मुलींनी तो आवाज काढला. आज माझं पोट शांत होतं, घसा मोकळा होता, मी हसतच रेषा ओलांडली. मग उजव्या पोटरीत गोळा आला आणि मी समोरच्या मुलींच्या मधोमध जाऊन बसले. मला कुणी पकडलं नाही. मी बसले आणि त्या माझ्या अंगावर बसल्या. मी बाद झाले. बाहेर बसून पोटरी चोळत मी सरांकडे बघत नव्हते. मंगलने गडी टिपला तेव्हा मी पुन्हा आत आले, तर सर ओरडले, "कुंदा, चढाईला जायचं नाही. कोपऱ्यात उभी राहा आणि हलू नकोस." हलायला मला येतही नव्हतं. कोपऱ्यात मी याआधी कधी खेळले नव्हते, कोपरा आमच्याकडे जिला चढाई येत नाही तिचा असायचा.

महाडकडे एक उंच मुलगी होती, तिला तोवर कुणी हात लावला नव्हता. ती माझ्या बाजूने आली, मला लंगडी समजून पाय पुढे टाकून हूल देऊ लागली. मी पळू शकत नव्हते म्हणून खाली पडले आणि पडता पडता तिचा घोटा धरला. तिने मला फरफटत नेलं. माझी कोपरं सोलवटली, तोंडात माती गेली, पण सोडायचं म्हणजे उठावं लागलं असतं आणि उठण्याची माझी तयारी नव्हती. तिचा दम सुटला. पुढे ती पुन्हा आली आणि पुन्हा तेच झालं. आम्ही सामना हरलोच. पण सगळं संपल्यावर शिट्टी गळ्यात घातलेली एक बाई माझ्यापाशी आली आणि विचारू लागली की कोपऱ्यात कधीपासून खेळतेस. मी म्हटलं, "आजपासून." मागे मोरे सर घसा खाकरत होते. ती बाई हसली आणि तिने माझं नाव लिहून घेतलं.

आबा आले तेव्हा मैदानावर फक्कीच्या रेषाही पुसट झाल्या होत्या. कपाळाला अंगारा, हातात नारळाच्या वाट्या. त्यांनी मैदानाकडे बघितलं आणि सामना संपल्याचं त्यांना कळलं. एवढा वेळ का लागला, मी विचारलं, आणि माझा आवाज बरा नव्हता. ते म्हणाले, "सगळ्यांची नावं सांगायची होती. त्या म्हातारीच्या पोराचा नाव ध्यानात येईना. आठवेपर्यंत थांबलो." मला ते नाव पाठ होतं. मला बरोबर नेलं असतं तर एका क्षणात झालं असतं, हे मी बोलले नाही. हरलो म्हणून सांगितलं, आणि मग अलिबागचं सांगितलं. आबांनी खोबऱ्याचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

परत चालत येणं शक्यच नव्हतं. आम्ही गाडीत बसलो. मी खिडकीपाशी बसायला गेले तर आबा म्हणाले, आज मला बसू दे. मी इतकी दमले होते की स्टँड सुटायच्या आत झोप लागली. जाग आली ती ओळखीच्या आवाजाने. मला वाटलं की मीच ओकतेय, सवयच तशी. डोळे उघडून बघते तर आबांचं डोकं खिडकीबाहेर होतं आणि कंडक्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी घाबरले. ऊन लागलं असेल म्हटलं. आबांनी मान आत घेतली, टॉवेलाने तोंड पुसलं आणि लोहाऱ्याकडे येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. नंतर परत डोकं बाहेर.

घराच्या थोडं आधीच उतरून आम्ही रस्त्यालगतच्या एका मोरीवर बसलो. दोघांनाही एकदम घरात जाण्यासारखी अवस्था नव्हती. तिथे त्यांनी सांगितलं. लग्नाआधी ते मोठ्या काकांबरोबर मुंबईला नोकरीसाठी निघाले होते. घरातून ओवाळून पाठवलं होतं. नागोठण्यापर्यंत जे व्हायचं ते झालं, तिथे ते पाणी प्यायला म्हणून उतरले आणि गाडीत पुन्हा चढलेच नाहीत. नागोठण्याहून चालत घरी आले. घरी सांगितलं की मुंबई बघितली, आपल्याला नाही आवडली. त्यानंतर ते कधी गाडीत बसले नव्हते, बैलगाडी आणि पाय यांच्यावर त्यांचं सगळं आयुष्य चाललं होतं. आमची आई उभ्या वाडीला अभिमानाने सांगायची की आमच्या ह्यांनी मुंबईवर पाणी सोडलं, मातीसाठी. मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. आबाही हसले, पण जरा उशिरा. "आयेला सांगू नको," ते म्हणाले. मी सांगितलं नाही. पुढे जमीन भावांच्या नावावर झाली, ते रीतीप्रमाणेच झालं. माझ्या वाट्याला आबांकडून हे गाडी लागणं आलं, आणि ते मात्र पूर्ण आलं.

नवसाचं प्रकरण माझ्यामागे पुष्कळ दिवस राहिलं. त्या म्हातारीचा मुलगा शिमग्याला घरी आला, कुठे होता काय होता ते कुणाला कळलं नाही, पण आला. तिने कंडक्टरकडून मला निरोप पाठवला, आणि त्यानंतर वाडीतल्या बायका मला विचारायला लागल्या की कुंदा, माझ्यासाठी एकदा जाशील का गो महाडला. मी शिबिराचं कारण सांगत असे.

कारण मी शिबिराला गेले. मुंबईच्या स्थळाला आबांनी कळवून टाकलं की पोरगी अलिबागला शिकायला जाणार. आईने एक दिवस अबोला धरला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रंकेत खाली सुकटाची पुडी आणि वर आमसुलं भरली. मला पोचवायला मोठा भाऊ येणार असं ठरलं होतं. निघायच्या सकाळी तो अंघोळ करून येतो तर आबा इस्त्रीचा सदरा घालून पडवीत तयार. मी जातो, म्हणाले. आई खूश झाली. तिला काय ठाऊक.

एकामागची एक अशा दोन खिडक्या आम्ही धरल्या. मी पुढे, आबा मागे. पार्ल्याला मी, लोहाऱ्याला आबा, राजेवाडीला दोघं. महाडच्या पुढे ज्या रस्त्यावर माझी ओळख नव्हती तिथेही मी ओळख करून घेतली. माणगाव गेलं, कोलाड गेलं. कंडक्टर नवा होता, त्याने आधी मला पिशवी दिली, मग आबांना दिली, आणि शेवटी उरलेल्या पिशव्या आमच्या दोघांच्या मधे ठेवून दिल्या. मी पुनःपुन्हा मागे बघत होते. आबांचा चेहरा आमसुलासारखा झाला होता. इस्त्रीच्या सदऱ्याचं काय झालं होतं ते लिहीत नाही.

नागोठण्याला गाडी चहासाठी थांबली. आबा उतरले. नळावर चूळ भरली, तोंड धुतलं आणि आलो त्या बाजूचा रस्ता बघत उभे राहिले. ड्रायव्हरचा चहा झाला, लोक चढले, तरी ते उभेच होते. मी खाली उतरून त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, "आबा, तुमी हितनं परत जावा. अलिबाग आता लांब नाय, मी जाईन एकटी." मी खरंच मनापासून म्हणाले होते. त्यांनी टॉवेलाने तोंड पुसलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि मला खांद्याला धरून गाडीकडे वळवलं.

"चल, चढ," ते म्हणाले. "आनी आता खिडकी मला पुढची दे. मागं लय हादरतं."